गोठ्याला उतार, मग घराला का नाही?

मागच्या महिन्यात पुरंदर तालुक्यातील एका गावी गोठा पाहण्यासाठी गेलो होतो. गोठा झकास बांधला होता. प्रत्येक गाईला साडेतीन-चार फूट रुंद आणि साडेपाच फूट लांब जागा, चाळीस फुटांना एक फूट असा जमिनीला उतार, मागे मूत्र वाहून जायला नाली, आणि जनावराचा पाय घसरू नये म्हणून कोबा मुद्दाम खरबरीत ठेवलेला. शेतकऱ्याने एकेक गोष्ट हौसेने दाखवली. "साहेब, गाभण गाय घसरली तर लाखाचं नुकसान. खर्चाकडं बघितलं नाही," असे ते म्हणाले. मीही शाबासकी दिली.

मग चहासाठी घराकडे वळलो. घर चार वर्षांपूर्वी बांधलेले. जोते अडीच फूट उंच, समोर चार पायऱ्या, कठडा नाही. तेवढ्यात घरच्या बाई अकरा वर्षांच्या मुलाला पाठीवर घेऊन, भिंतीला खांदा टेकवत टेकवत, त्या पायऱ्या उतरल्या. मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. म्हणजे मेंदूला इजा झाल्यामुळे हातपाय ताठ राहतात, तोल सांभाळता येत नाही. संडास अंगणाच्या पलीकडे, दार जेमतेम सव्वादोन फुटांचे. बाई आडव्या होऊन आत शिरल्या.

"वहिनी, दिवसातनं किती खेपा होतात?" मी विचारले.

"मोजल्या न्हाईत बघा. आठ-धा होतात. पावसात भ्या वाटतं, एवढंच."

अकरा वर्षांच्या मुलाचे वजन पंचवीस-सत्तावीस किलो धरा. युरियाची गोणी आता ४५ किलोची येते. म्हणजे अर्ध्या गोणीहून जास्त ओझे ही माउली रोज आठ-दहा वेळा त्या पायऱ्यांवरून चढवते-उतरवते. आणि गोणी वाढत नाही, पोर वाढते. आणखी चार वर्षांनी हेच वजन चाळीस किलोवर जाईल, आणि बाईचे वय चार वर्षांनी वाढलेले असेल.

गोठ्याच्या मापावर मी पंधरा मिनिटे बोललो होतो. त्या घरी याआधी तीन वेळा चहा घेऊन आलो होतो. पण पायऱ्यांबद्दल बोलायचे मला कधी सुचले नव्हते. म्हणून आज पीकपाणी बाजूला ठेवून हा विषय घेतला आहे.

पुण्याहून परत का आले

हे कुटुंब दोन वर्षे पुण्यात राहून आलेले आहे. मुलगा सहा वर्षांचा असताना विशेष शाळा आणि व्यायामोपचार यांसाठी आई त्याला घेऊन पुण्यात खोली करून राहिली. वडील शेती बघायचे आणि शनिवारी दूध-भाजी घेऊन जायचे. खोली शहराच्या कडेला, दुसऱ्या मजल्यावर. तळाला दुकानांचे गाळे. लिफ्ट नाही. पोर तेव्हा सोळा-सतरा किलोचे होते, त्यामुळे पहिले वर्ष निभावले. दुसऱ्या वर्षी आईची कंबर धरली. डॉक्टरांनी सांगितले, वजन उचलू नका. आता न उचलून करायचे काय?

तळमजल्यावरची एक खोली मिळत होती, पण घरमालक म्हणाले, पोर रात्री ओरडते, बाकीचे भाडेकरू तक्रार करतील. दुसरी मिळाली तर तिचा संडास चाळीच्या टोकाला, तोही उकिडवे बसायचा. शेवटी सामान टेम्पोत घातले आणि गावी परत आले. शाळा सुटली. व्यायाम महिन्यातून एकदा, एस.टी. मिळाली तर.

यात शाळेचा दोष नव्हता, फी थकली नव्हती, की आईबापांनी हात टेकले नव्हते. जिन्यामुळे मुलाची शाळा सुटली. गावी आले तर तिथे पायऱ्या होत्याच, कारण घर बांधताना त्या मुलाचा विचार कोणीच केला नव्हता. गवंड्याने केला नाही, बापाने केला नाही, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या आमच्यासारख्या अधिकाऱ्यांनीही केला नाही.

पुण्यात सगळे आहे, राहायला जागा नाही

या बाबतीत पुणे हे तसे संपन्न शहर आहे. अंध मुलांसाठीची कोरेगाव पार्कची शाळा १९३४ सालची. वानवडीचे कृत्रिम अवयव केंद्र लष्कराने १९४४ मध्ये सुरू केले. मतिमंद मुलांसाठी 'कामायनी' १९६४ पासून काम करते. पाठीचा कणा मोडलेल्या जवानांसाठी खडकीला १९७४ मध्ये पुनर्वसन केंद्र उभे राहिले. साऱ्या राज्याचे दिव्यांग कल्याण आयुक्तालयही पुण्यातच, चर्च रस्त्यावर आहे. डिसेंबर २०२२ मध्ये राज्याने दिव्यांगांसाठी स्वतंत्र मंत्रालयीन विभाग काढला.

साहजिकच जुन्नर, इंदापूर, भोरपासून ते थेट मराठवाड्यापर्यंतची कुटुंबे मूल घेऊन पुण्याला येतात. उपचार मिळतात, शाळा मिळते. अडते ते राहण्याच्या जागेवर. मध्यवस्तीत भाडे परवडत नाही, म्हणून ही कुटुंबे शहराच्या कडेच्या गावांत खोली बघतात. ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ आणि जून २०२१ मध्ये आणखी २३ गावे पुणे महापालिकेत घेतली गेली. त्यातली उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही दोन पुढे वेगळी झाली. धायरी, नऱ्हे, मांजरी, वाघोली, किरकटवाडी अशा गावांतून आज ज्या चाळी आणि तीन-चार मजली इमारती दिसतात, त्या बांधणारे बरेचसे लोक कोण? आपलेच शेतकरी बांधव. उसाच्या नाहीतर भाजीपाल्याच्या रानात त्यांनी खोल्या काढल्या. त्यात गैर काही नाही. जमीन गेली, पाणी गेले, भाड्याचे उत्पन्न हाच आधार राहिला.

म्हणूनच हा विषय शहराचा म्हणून सोडून देता येत नाही. गावातले पोर पुण्याच्या जिन्यावर अडते, तो जिना बहुतेक वेळा दुसऱ्या एका शेतकऱ्यानेच बांधलेला असतो. आणि ते पोर परत आले की गावच्या उंबऱ्यावर अडते, तो उंबरा सरकारी मदतीच्या घरकुलाचाही असू शकतो.

घराचा परिणाम कोणावर होतो

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग मोजले गेले. देशात २ कोटी ६८ लाख, आणि त्यातले दर शंभरी सुमारे ६९ जण खेड्यात राहणारे. तेव्हा 'आमच्या गावात असं कोणी नाही' असे म्हणणाऱ्या सरपंचांनी एकदा घरोघर फिरून यावे. मुले असतात. ती दिसत नाहीत, कारण ती घराबाहेर येऊ शकत नाहीत.

पूर्वी आपल्याकडे अपंग मूल म्हटले की पोलिओ डोळ्यांसमोर यायचा. पोलिओचा शेवटचा रुग्ण देशात जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला भाग पोलिओमुक्त जाहीर झाला. मोठी लढाई जिंकली. पण घराच्या दृष्टीने एक फरक लक्षात घ्या. पायाने अधू झालेले पोलिओचे मूल बरेचदा हातांच्या जोरावर सरकत उंबरा ओलांडायचे. सेरेब्रल पाल्सीच्या किंवा स्नायूंच्या आजाराच्या मुलाला अनेकदा तेही जमत नाही. त्याला उचलावेच लागते. आज अपुऱ्या दिवसांची, नाजूक बाळेही वाचतात, ही आनंदाचीच गोष्ट आहे. त्यातली काही मुले अशी राहतात. त्यांच्यासाठी घर कसे हवे, याचा विचार मात्र मागे राहिला.

घर अडचणीचे असले की पहिला फटका आईच्या कंबरेला बसतो. दुसरा फटका पोटाला. आईला खुरपणी-काढणीला जाता येत नाही, म्हणजे एका माणसाची मजुरी बुडते. तिसरा फटका भावंडांना. थोरली बहीण नववी-दहावीत असली की 'धाकट्याला धर' म्हणून तिचीच शाळा बुडते. चौथा फटका खुद्द मुलाला. संडासला नेणे अवघड म्हणून त्याला पाणी कमी पाजले जाते. हे मी ऐकीव सांगत नाही, आयांनी स्वतः सांगितले आहे. पाणी कमी, म्हणजे बद्धकोष्ठ आणि लघवीचे दुखणे आले. एकाच जागी पडून राहिल्याने पाठीला जखमा आल्या. आणि नवराबायकोत कुरबुर होते ती वेगळीच.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी २००० च्या सुमारास अशा कुटुंबांच्या घरांचा खास अभ्यास केला. तिथेही तक्रारी त्याच निघाल्या : जागा अपुरी, न्हाणीघर-संडास गैरसोयीचे, चाकाची खुर्ची आणि इतर साहित्य ठेवायला ठिकाण नाही. इंग्लंडमध्ये घरात असे बदल करायला सरकारी अनुदान मिळते. डिसेंबर २००५ पासून तिथे असा नियम झाला की बदल मुलासाठी करायचे असतील तर आईबापांची मिळकत बघायची नाही. आपल्याकडे तेवढा पैसा नाही, मान्य. पण घर हाही उपचाराचाच भाग आहे, एवढे त्यातून घेण्यासारखे आहे.

कायदा काय देतो, कुठे थांबतो

आता सरकारी बाजू बघू. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, लागू झाला एप्रिल २०१७ पासून. १९९५ च्या कायद्यापेक्षा हा पुढे गेला. अपंगत्वाचे प्रकार त्याने २१ केले. गृहनिर्माणाच्या योजनांत ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असणाऱ्यांसाठी ५ टक्के राखीव जागा ठेवल्या, आणि त्यात दिव्यांग स्त्रियांना प्राधान्य द्यावे असे म्हटले. सार्वजनिक इमारतींच्या सोयींबाबत सर्वोच्च न्यायालयानेही ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सांगितले की नुसत्या मार्गदर्शक सूचना पुरत नाहीत, पाळणे बंधनकारक असलेली मानके करा.

पण शाळेला, दवाखान्याला, कचेरीला उतार झाला तरी तुमच्या-आमच्या घराच्या दारात असा नियम येत नाही. तिथे आपणच शहाणे व्हायचे आहे.

घरकुलाचेच घ्या. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात केंद्राच्या निकषाप्रमाणे सपाट प्रदेशात १ लाख २० हजार, डोंगरी भागात १ लाख ३० हजार रुपये आणि घर किमान २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट. प्राधान्य ठरवताना २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीचे जे निकष धरले, त्यात एक निकष असा होता : घरात अपंग व्यक्ती आहे आणि धडधाकट प्रौढ कोणी नाही. आता विचार करा. मूल अपंग आहे पण आईबाप धडधाकट आहेत, असे कुटुंब या निकषात बसत नाही. कागदाच्या हिशेबी ते सुखी. प्रत्यक्षात त्या धडधाकट आईची कंबर त्या मुलामुळेच मोडत चालली आहे. ही फट ग्रामसभेने ओळखली पाहिजे. ५ टक्क्यांच्या वाट्यात अशा मुलांची कुटुंबे घेण्यासाठी ठरावात तसा स्पष्ट उल्लेख करून पंचायत समितीकडे आग्रह धरला पाहिजे. रमाई आणि शबरी योजनांच्या याद्या करतानाही हेच बघावे.

दुसरी गोष्ट ग्रामपंचायतीच्या हातातली. स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणे ग्रामपंचायतीवर बंधनकारक आहे. पूर्वी हे प्रमाण ३ टक्के होते. दहा लाखांचे उत्पन्न असेल तर वर्षाला पन्नास हजार होतात. अनेक गावांत हे पैसे मार्च महिन्यात हजार-दीड हजार रुपये वाटून संपवले जातात. फोटो निघतो, यादीवर सही होते. ज्याला मिळाले त्याच्या हातून ते आठ दिवसांत जातात. त्याऐवजी मार्गदर्शक सूचना बघून दरवर्षी दोन घरांचे संडास आणि दोन घरांचे उतार केले, तर पाच वर्षांत गावातले असे एकही घर शिल्लक राहणार नाही. ग्रामसेवकांनी, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी, हे मनावर घेतले तर होण्यासारखे आहे.

संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचे मासिक अनुदान २०२५ मध्ये १,५०० वरून २,५०० रुपये झाले. स्वागत आहे. पण तेवढ्यात पुण्यात खोलीचे भाडेही भागत नाही, हेही लक्षात असू द्या.

माप काय ठेवावे

मी काही इंजिनिअर नाही. कृषी पदविका घेतलेला माणूस आहे. पण गोठ्याचे माप जसे सांगतो, तशी ही मापे सांगतो. ती ठरलेली मानके आहेत.

उतार : एक फूट उंचीला बारा फूट लांबी. जोते दीड फूट असेल तर अठरा फूट उतार लागतो. अंगण लहान असेल तर काटकोनात वळवा, वळणावर पाच फूट सपाट जागा ठेवा. रुंदी चार फूट, कडेला कठडा आणि खाली चार बोटांची कड, म्हणजे चाक घसरून बाहेर जात नाही. काही जण तीन फुटांत उतार बसवतात आणि झाले म्हणतात. त्याला उतार म्हणत नाहीत, घसरगुंडी म्हणतात. त्यावरून खुर्ची चढत नाही आणि उतरताना उलटते.

खर्च किती? दीड फूट जोत्याला चार फूट रुंद उतार केला तर भराव अर्धा ब्रास मुरूम, वरच्या काँक्रीटला तीन-चार पोती सिमेंट, शिवाय कडेचे दगड, वाळू-खडी आणि गवंड्याची दोन-तीन दिवसांची मजुरी. वास्तुशांतीच्या एका पंगतीत याहून जास्त जाते. आणि नवे घर बांधत असाल तर त्याहून सोपे : पावसाचे पाणी घरात येणार नाही इतपतच जोते घ्या आणि मुरूम टाकून अंगणच हळूहळू चढते करा. मग वेगळा उतारही नको. शेजारी उंच बांधतो म्हणून आपणही अडीच फुटांवर जायचे, हा हट्ट सोडा.

दार : चाकाची खुर्ची साधारण सव्वादोन फूट रुंद असते. म्हणून दाराची मोकळी जागा तीन फूट हवी, आणि संडास-न्हाणीचे दार बाहेर उघडणारे. आत कोणी पडले तर दार अडत नाही. उंबरा ठेवायचाच असेल तर अर्ध्या इंचाचा, कडा उतरती. पूजा तेवढ्या उंबऱ्याचीही होते.

संडास आणि न्हाणी : तीन बाय चारच्या खोपटात मूल आणि त्याला धरणारी आई मावत नाहीत. पाच बाय सहा फूट तरी जागा हवी, ती घराला लागून. बसकी दीड फूट उंचीची. शेजारी भिंतीत पक्का रोवलेला लोखंडी पाइप धरायला. फरशी गुळगुळीत नको, खरबरीत शहाबादी चांगली. स्वच्छ भारत अभियानातून शौचालयाला १२ हजार मिळतात. ते वापरतानाच हे माप धरा, नाहीतर पुन्हा फोडावे लागेल.

खोली : चाकाची खुर्ची वळवायला पाच फुटांचा मोकळा गोल लागतो. मुलाची खाट खिडकीजवळ, त्याला अंगण दिसेल अशी. बटणे साडेतीन फुटांच्या आत, म्हणजे बसल्या बसल्या पंखा त्याला स्वतः लावता येईल. ही गोष्ट किरकोळ वाटते. पण दर वेळी 'आई, पंखा' म्हणावे लागणाऱ्या मुलाला विचारून बघा.

प्रत्येक मुलाची गरज एक नसते. अंध मुलाच्या घरात वस्तूंच्या जागा बदलू नका, पायरीच्या कडेला कठडा घाला. अंधूक दिसणाऱ्याला पायरीच्या कडेवर पिवळा पट्टा ओढा. ऐकू न येणाऱ्याला दारावर घंटेऐवजी दिवा लावा.

शिवारातला धोका

एक गोष्ट माझ्या खात्यातली, म्हणून ठासून सांगतो. मतिमंद किंवा स्वमग्न मुले चालू-पळू शकतात, पण धोका ओळखू शकत नाहीत. आईची नजर चुकवून ती पाण्याकडे जातात. वस्तीवरच्या घराला कुंपण आणि मुलाला उघडता येणार नाही अशी कडी हवी. प्लास्टिक कागदाच्या शेततळ्यात पडलेल्या धडधाकट माणसालाही वर चढता येत नाही, कागद निसरडा असतो. शेततळ्याला तारेची जाळी घाला, चारही बाजूंना गाठी मारलेले दोर सोडा, हवा भरलेली ट्यूब टाकून ठेवा. विहिरीला कठडा आणि जाळी बसवा. कीटकनाशके, तणनाशके कुलपात ठेवा, आणि रिकाम्या बाटल्या घरात आणू नका. हे नियम सगळ्याच मुलांना लागू आहेत, पण अशा घरी त्यात एक दिवसही ढिलाई चालत नाही.

कोणी काय करावे

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी पहिले काम यादीचे करावे. आशाताई आणि अंगणवाडी सेविकांना सगळी घरे ठाऊक असतात. मुलाचे नाव, वय, अपंगत्व, दिव्यांग ओळखपत्र आहे की नाही, आणि त्यापुढे घराचे चार रकाने : पायऱ्या किती, दार किती फुटी, संडास कुठे, मुलाला कोण उचलते. हा शेवटचा रकाना कुठल्याच सरकारी नमुन्यात नाही. आपण घालावा.

घरकुल मंजूर झाले की हप्ता जोत्याचा फोटो चढवल्यावर मिळतो. तेव्हा जे बघायचे ते जोते घालण्याआधी बघा. एकदा जोते झाले की बदल करणे महागाचे. आखणीच्या दिवशी कोणी तरी जाऊन दोरी धरून मापे सांगितली तर वेगळा पैसा लागत नाही.

पुण्याच्या कडेला खोल्या काढणाऱ्या शेतकरी बांधवांना हात जोडून एक विनंती आहे. दहा खोल्या काढाल त्यातली एक तळमजल्याला, तीन फुटी दाराची, आत संडास असलेली काढा. गाळ्याइतके भाडे येणार नाही हे मला कळते. पण असे कुटुंब शाळेसाठी येते आणि जमले तर वर्षानुवर्षे राहते. दर अकरा महिन्यांनी नवा भाडेकरू शोधायला नको. आणि आज ना उद्या आपल्याच म्हातारपणी जिना चढवेनासा होणार आहे, तेव्हा तीच खोली आपल्याला लागेल. पोर ओरडते म्हणून खोली नाकारण्याआधी, ते आपले असते तर कुठे गेलो असतो, एवढे मनाला विचारावे.

महापालिकेने आणि पुनर्वसनाच्या योजना राबवणाऱ्यांनीही लॉटरीत घर लागले म्हणजे काम संपले असे मानू नये. अशा कुटुंबाला सातव्या मजल्यावरचे घर दिले आणि लिफ्ट बंद पडली, तर ते घर म्हणजे कोंडवाडा होतो. तळमजला किंवा पहिला मजला मागण्याचा त्यांना हक्क असावा.

काही जण म्हणतील, नशिबाचे भोग आहेत, घर बदलून काय होणार? घर बदलून मूल चालायला लागणार नाही, हे खरे. पण खडकीच्या केंद्रात कणा मोडलेले जवान चाकाच्या खुर्चीवरून सगळीकडे फिरतात, खेळतात, तोंडात ब्रश धरून चित्रे काढतात. त्यांचा कणा काही जोडला गेलेला नाही. वाटेतली अडचण काढली आहे. आपल्या पोरांसाठी एवढे एका घरापुरते करायचे आहे.

त्या पुरंदरच्या शेतकऱ्याला मी गेल्या आठवड्यात फोन केला. गोठ्यासाठी आणलेला मुरूम थोडा उरला होता, तो अंगणात टाकून घेतला म्हणाले. अडीच फूट जोत्याला तीस फूट उतार लागतो, अंगण तेवढे नाही, म्हणून घराला वळसा घालून मागच्या दाराने काढायचा बेत आहे. संडास घराला जोडायचा अर्ज ग्रामपंचायतीत दिला आहे, त्यावर अजून काही झालेले नाही. येत्या ग्रामसभेत हा विषय निघावा, त्यांच्याही आणि आपल्याही गावात. नाही निघाला तर आपण उठून काढावा.